ब्लॅक-शोल्स, मॉन्टे कार्लो, मर्टन की हॅझार्ड रेट? आधी आकडा कशासाठी हवाय ते ठरवा

तुम्ही विचारलंय की व्हॅल्युएशन टीममध्ये नुकतेच लागलात, टेबलवर एकदम निफ्टीचे ऑप्शन्स, एका कंपनीचा करन्सी स्वॅप (दोन चलनांतल्या देण्यांची अदलाबदल), दोन-चार एनसीडी (शेअरमध्ये न बदलणारी कर्जरोखी) आणि एका अनलिस्टेड कंपनीची ओसीडी (हवं तर शेअरमध्ये बदलता येणारं कर्जरोखं) असं सगळं येऊन पडलं, आणि अभ्यासाच्या नोट्समध्ये ब्लॅक-शोल्स, बायनॉमिअल ट्री, मॉन्टे कार्लो, मर्टन आणि हॅझार्ड रेट अशी पाच नावं एका खाली एक लिहिलीत, तर यातली सगळ्यात चांगली पद्धत कुठली. या कामात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, ही पाच नावं एका यादीत बसतच नाहीत. ब्लॅक-शोल्स, मर्टन, हॅझार्ड रेट ही मॉडेल्स आहेत, म्हणजे भाव कसा हलतो किंवा कंपनी कशी बुडते याबद्दलचं गृहीतक. बायनॉमिअल ट्री, मॉन्टे कार्लो, फायनाइट डिफरन्स या त्या गृहीतकातून आकडा बाहेर काढायच्या पद्धती आहेत. एकाच ब्लॅक-शोल्सचं उत्तर तुम्ही फॉर्म्युल्याने काढा, ट्रीने काढा नाहीतर लाखभर पाथ्स टाकून मॉन्टे कार्लोने काढा, साधा युरोपियन कॉल (ठरलेल्या भावाने, म्हणजे स्ट्राइकला, फक्त मुदतीच्या दिवशी विकत घ्यायचा हक्क) असेल तर तिन्हीकडून तेच यायला हवं, नाही आलं तर कोडमध्ये घोळ आहे. मॉडेल बदललं की मात्र उत्तर खरोखर बदलतं. रिपोर्टमध्ये लोक ठोकून लिहितात की ‘मॉन्टे कार्लो वापरल्यामुळे व्हॅल्युएशन जास्त अचूक आहे’. अरे बाबा, आत व्होलॅटिलिटी (भाव किती वरखाली हलतो ते) चुकीची घातली असेल तर तेच चुकीचं उत्तर दशांशाच्या चार स्थळांपर्यंत मिळतं, एवढंच.

पद्धतीचं पटकन संपवतो कारण त्यात वादाचं फारसं काही नाही. मुदतीआधी एक्सरसाइज करायचा, कन्व्हर्ट करायचा किंवा कॉल करायचा हक्क असेल तर मागून पुढे येणारी पद्धत लागते, म्हणजे ट्री किंवा फायनाइट डिफरन्स, कारण प्रत्येक टप्प्यावर ‘आत्ता घेऊ की थांबू’ हे विचारायचं असतं. पेऑफ भावाच्या रस्त्यावर अवलंबून असेल (सरासरी भावावर चालणारा एशियन वगैरे), किंवा तीन-चार गोष्टी एकदम हलत असतील तर मॉन्टे कार्लो. दोन्ही असेल तर २००१ सालची लॉन्गस्टाफ-श्वार्ट्झ रिग्रेशनची युक्ती. मॉन्टे कार्लोमध्ये चूक अर्धी करायला पाथ्स चौपट लागतात हे कायम डोक्यात ठेवा, आणि बॅरिअर ऑप्शनला (भाव ठरावीक पातळीला टेकला की सुरू किंवा रद्द होणारा) ट्री लावताना बॅरिअर नोडवर बसतोय का ते बघा, नाहीतर स्टेप्स वाढवल्या की उत्तर वरखाली नाचत राहतं. आपल्याकडचे निफ्टीचे ऑप्शन्स युरोपियन आहेत, स्टॉक ऑप्शन्ससुद्धा एनएसईने २०११ पासून युरोपियन केलेत, त्यामुळे परदेशी पुस्तकातलं अमेरिकन ऑप्शनचं प्रकरण इथे एक्स्चेंजवरच्या पोझिशनला लावत बसू नका.

आता मॉडेल. निफ्टीच्या लिक्विड ऑप्शनला खरं तर व्हॅल्युएशन मॉडेल लागतच नाही, भाव स्क्रीनवर आहे, तो घ्या. तिथे ब्लॅक-शोल्स (किंवा फ्युचरवरचा ब्लॅक-७६) भाव ठरवत नाही, तो भावाला व्होलॅटिलिटीच्या भाषेत सांगतो, म्हणजे मग दोन वेगळ्या स्ट्राइक एकमेकांशी ताडून बघता येतात. आणि ताडल्या की दिसतं की खालच्या स्ट्राइकच्या पुटची (विकायच्या हक्काची) इम्प्लाइड, म्हणजे भावातून निघणारी, व्होलॅटिलिटी जास्त आहे. का असणार नाही? २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात जवळजवळ १३% पडला. वर्षाची व्होलॅटिलिटी २०% धरली तर एका दिवसाचा सिग्मा (नेहमीच्या चढउताराचं माप) सव्वा टक्का होतो, म्हणजे ती पडझड दहा सिग्माची झाली, जी लॉगनॉर्मल हिशोबाने विश्वाच्या आयुष्यातही व्हायला नको. बाजाराला हे माहीत असतं, म्हणून हा फरक, म्हणजे स्क्यू, असतो.

स्क्यू असताना स्क्रीनवर नसलेलं काही प्राइस करायचं झालं, समजा बॅरिअर, तर दोन मोठे रस्ते आहेत, लोकल व्होल (व्होलॅटिलिटी भाव आणि वेळेवरून ठरते; ड्युपायर, १९९४) आणि स्टोकॅस्टिक व्होल (व्होलॅटिलिटी स्वतःच बेभरवशाची हलते; हेस्टन, १९९३). दोन्ही मॉडेल्स आजच्या साध्या (व्हॅनिला) ऑप्शनच्या भावांना बऱ्यापैकी बसवता येतात आणि तरी बॅरिअरचा भाव वेगवेगळा देतात, कारण उद्या बाजार हलल्यावर स्क्यूचं काय होईल याबद्दल दोघांचं मत वेगळं आहे आणि आजच्या भावांमध्ये ते मत लिहिलेलं नसतं. तुमच्याकडे असं काही आलं तर दोन्हीने काढा, मधला फरक मॉडेल रिस्क म्हणून नोंदवा. एकच मॉडेल वापरून ‘कॅलिब्रेशन उत्तम आहे’ एवढं लिहिलं तर त्याने काहीच सिद्ध होत नाही.

गृहीतक मोडतं म्हणजे काय होतं हे बघायचं असेल तर २० एप्रिल २०२० चं क्रूड बघा. न्यूयॉर्कला मे महिन्याचं डब्ल्यूटीआय (अमेरिकी क्रूड) उणे ३७.६३ डॉलरला सेटल झालं. लॉकडाउनमुळे आपल्या कमोडिटी एक्स्चेंजचं, एमसीएक्सचं, ट्रेडिंग संध्याकाळी पाचलाच बंद व्हायचं, भाव कोसळला आपल्या रात्री, आणि एमसीएक्सने एप्रिलचं काँट्रॅक्ट उणे ₹२,८८४ प्रति बॅरलला सेटल केलं. लॉट १०० बॅरलचा, म्हणजे ‘शून्याच्या खाली कुठे जाणार’ म्हणून लाँग (खरेदी करून) बसलेल्याला शून्याच्या खालचेच लॉटमागे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार भरावे लागले, वरचा तोटा वेगळाच. ब्लॅक-७६ मध्ये फ्युचरचा लॉग घेतात आणि उणे आकड्याचा लॉग निघत नाही, सिस्टिम एरर देऊन गप्प. न्यूयॉर्कचं क्रूड चालवणाऱ्या सीएमई एक्स्चेंजने दोन दिवसात एनर्जी ऑप्शन्सचं मॉडेल बदलून बॅशेलिए लावलं, १९०० सालचं मॉडेल, ज्यात भाव टक्क्यात न हलता डॉलरमध्ये हलतो आणि शून्याखाली जाऊ शकतो. ब्लॅक-शोल्सच्या ७३ वर्षं आधीचं मॉडेल त्या आठवड्यात जास्त उपयोगी पडलं. नवं म्हणजे चांगलं असा काही नियम नाही.

आता क्रेडिट, इथे जरा थांबू, कारण खरा गोंधळ इथेच होतो.

मर्टनचं १९७४ चं मॉडेल विचार म्हणून फार सुंदर आहे. कंपनीची मालमत्ता एकीकडे, कर्ज एकीकडे, मुदतीला मालमत्ता कर्जापेक्षा कमी भरली तर शेअरहोल्डर चावी टाकून निघून जातो, म्हणजे शेअर हा कंपनीच्या मालमत्तेवरचा कॉल आणि स्ट्राइक म्हणजे कर्जाची फेस व्हॅल्यू. एक उदाहरण हाताने करून बघा. मालमत्ता ₹१,००० कोटी, वर्षभराने फेडायचं कर्ज ₹७०० कोटी, व्याजदर ७%, मालमत्तेची व्होलॅटिलिटी २०%. डिफॉल्टची शक्यता येते २.१%. शेअरची किंमत साधारण ₹३४८ कोटी, कर्जाची ₹६५१.७ कोटी. जोखीम नसती तर तेच कर्ज ₹६५२.७ कोटीला गेलं असतं, म्हणजे स्प्रेड (जोखमीपोटीचं जादा व्याज) निघतो १५ बेसिस पॉइंटच्या (०.१५%) आसपास. आता सांगा, कर्ज मालमत्तेच्या ७०% आहे, बुडायची शक्यता दोन टक्क्यांवर आहे, अशा कंपनीला कोण १५ बेसिस पॉइंटवर पैसे देईल? हे का होतं तर मर्टनच्या जगात मालमत्ता हळूहळू, सलग हलत खाली येते, त्यामुळे डिफॉल्ट झाला तरी कर्जाच्या जरासंच खाली होतो आणि रिकव्हरी ९३% च्या पुढे निघते. प्रत्यक्षात कंपनी बुडाली की वकील, वर्षानुवर्षांचा उशीर, मातीमोल विकलेली मशिनरी, हे सगळं त्यात कुठेच नाही. आणि मुदत वर्षाऐवजी एक महिना करा, तोच फॉर्म्युला, डिफॉल्टची शक्यता जवळजवळ शून्य. म्हणजे मर्टनच्या मते अशा कंपनीची महिन्याची कमर्शिअल पेपर (छोट्या मुदतीचं विनातारण कर्ज) बँकेच्या ठेवीइतकी सुरक्षित.

आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसे पुरवणाऱ्या ग्रुपच्या बाबतीत काय झालं आठवतंय ना. ऑगस्ट २०१८ पर्यंत ट्रिपल ए, सप्टेंबरमध्ये रेटिंग डी (म्हणजे डिफॉल्ट), ग्रुपवर मिळून ₹९१,००० कोटींच्या आसपास कर्ज, आणि थकलं ते सगळ्यात आधी छोट्या मुदतीचं, कमर्शिअल पेपर आणि इंटर-कॉर्पोरेट डिपॉझिट. रस्ते, वीज प्रकल्प अशी पंधरा-वीस वर्षांची मालमत्ता आणि खाली फिरवत राहायचं छोटं कर्ज. मालमत्ता कर्जापेक्षा कमी भरली का, हा प्रश्न नंतरचा, आधी रोख संपली. मर्टनमध्ये रोख संपणं ही घटनाच नाही. शिवाय मूळ होल्डिंग कंपनी लिस्टेडच नव्हती, म्हणजे शेअरचा भाव नाही, त्याची व्होलॅटिलिटी नाही, मॉडेलमध्ये घालायला काही नाही. म्हणून एनबीएफसी आणि बँकांना मर्टन जसाच्या तसा लावू नका, लिव्हरेज (भांडवलाच्या मानाने कर्ज) एवढं असतं की उत्तर हास्यास्पद येतं.

मग मर्टनसारखं स्ट्रक्चरल मॉडेल टाकून द्यायचं का? नाही. केएमव्हीवाल्यांनी (२००२ मध्ये मूडीजने ती कंपनी घेतली) त्यातलं उपयोगी तेवढं उचललं, कर्जाची पातळी म्हणून छोट्या मुदतीचं पूर्ण आणि लांब मुदतीचं अर्धं कर्ज धरलं, डिस्टन्स टू डिफॉल्ट (मालमत्ता त्या पातळीच्या किती सिग्मा वर आहे) काढला आणि त्यावरून शक्यता काढताना नॉर्मल टेबल न वापरता पूर्वी एवढ्या अंतरावरच्या किती कंपन्या खरंच बुडाल्या ते बघितलं. लिस्टेड मॅन्युफॅक्चरिंग कंपन्यांमध्ये कोण बिघडत चाललंय हे रेटिंगच्या आधी कळायला हे छान आहे, कारण शेअर बाजार रेटिंग कमिटीची मीटिंग लागायची वाट बघत नाही. वॉचलिस्टसाठी वापरा, बाँडचा भाव काढायला नको.

भाव काढायला रिड्यूस्ड फॉर्म, म्हणजे हॅझार्ड रेट. जॅरो-टर्नबुल १९९५, डफी-सिंगल्टन १९९९ ही त्यातली मोठी नावं. इथे कंपनी का बुडते हे विचारतच नाहीत, डिफॉल्ट अचानक येतो, त्याचा दर तेवढा बाजारभावातून काढायचा. डोक्यात ठेवायचा हिशोब एकच: स्प्रेड भागिले एलजीडी (बुडाल्यावर परत न मिळणारा हिस्सा) म्हणजे हॅझार्ड रेट. स्प्रेड २.४%, रिकव्हरी ४०% धरली तर एलजीडी ६०%, हॅझार्ड ४%, तीन वर्षांत बुडायची शक्यता ११.३%. रिकव्हरी २५% धरा, हॅझार्ड ३.२%, शक्यता ९.२% च्या जवळ. बाँडचा भाव तोच! म्हणजे एका बाँडच्या भावातून शक्यता आणि रिकव्हरी वेगळी करता येत नाही, एक तुम्ही धरता आणि दुसरी आपोआप येते. जोवर त्याच कंपनीचा तसाच बाँड प्राइस करताय तोवर ४०% काय आणि २५% काय, फार फरक पडत नाही, चुका एकमेकांना कापतात. ज्या क्षणी तो हॅझार्ड उचलून दुसऱ्या सीनिऑरिटीच्या (परतफेडीच्या रांगेतल्या जागेच्या) पेपरला लावता त्या क्षणी फरक पडतो. बुडालेल्या लेहमन बँकेच्या सीडीएसचा (डिफॉल्टविरुद्धच्या विम्यासारखा करार) लिलाव ऑक्टोबर २००८ मध्ये झाला तेव्हा बाँडची किंमत शंभराला ८.६२५ ठरली, आणि सगळ्या जगाच्या मॉडेलमध्ये रिकव्हरी ४० होती. येस बँकेचं मार्च २०२० मध्ये बघा, ₹८,४१५ कोटींचे एटी-१ बाँड (बँक अडचणीत आली की शून्य होऊ शकणारे) शून्य केले आणि त्याच बँकेचे ठेवीदार सुरक्षित राहिले. वाद कोर्टात गेला तो वेगळा, पण एकाच कंपनीच्या दोन कागदांना एकच रिकव्हरी लावणाऱ्या मॉडेलमध्ये ही गोष्ट बसतच नाही.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. परदेशात स्प्रेड सीडीएसमधून घेतात. इथे सीडीएसचे नियम आरबीआयने २०११ मध्ये आणले, २०२२ मध्ये पुन्हा नव्याने आणले, बाजार मात्र जवळजवळ नाहीच. म्हणून आपण गव्हर्नमेंट सिक्युरिटीवरचा बाँड स्प्रेड घेतो, फिमडाचे (बाँड बाजारातल्या डीलर्सची संघटना) रेटिंगनुसार स्प्रेड घेतो, आणि त्यात क्रेडिट किती आणि ‘हा कागद विकायला गेलो तर गिऱ्हाईक मिळत नाही’ याचे किती हे कोणी सांगत नाही. सगळा स्प्रेड क्रेडिटचा धरलात तर हॅझार्ड फुगतो. बाँडच्या फेअर व्हॅल्यूला चालेल, कारण लिक्विडिटीचा डिस्काउंट तिथेही हवाच आहे. पण तोच हॅझार्ड प्रोव्हिजनच्या शीटमध्ये नेऊन घातला तर गडबड, आणि मी बघितलेल्या कित्येक फायलींमध्ये नेमकं हेच केलेलं असतं.

म्हणजे कुठलं मॉडेल हा दुसरा प्रश्न, आधी आकडा कशासाठी हवाय ते ठरवा. इंड एएस १०९ या लेखा मानकातली ईसीएल (एक्स्पेक्टेड क्रेडिट लॉस) म्हणजे खरंच किती पैसे बुडतील याचा अंदाज, त्याला लागणारी पीडी (बुडायची शक्यता) ही वास्तवातली पीडी, जुन्या डिफॉल्टच्या आकड्यांवरून काढलेली आणि पुढची आर्थिक परिस्थिती बघून वरखाली केलेली. इंड एएस ११३ ची फेअर व्हॅल्यू म्हणजे आज बाजारात कोण काय देईल, तिथली पीडी रिस्क-न्यूट्रल, म्हणजे तिच्यात बुडण्याची शक्यताही आहे आणि ती जोखीम घेण्याबद्दल गुंतवणूकदार मागतो ती बिदागीही आहे. चांगल्या रेटिंगच्या कंपन्यांमध्ये बाजारभावातून निघालेली पीडी इतिहासातल्या पीडीच्या कितीतरी पट येते, आणि दोन्ही आकडे बरोबर असतात. पावसाळ्यात छत्रीचा भाव आणि पाऊस पडायची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकावरून दुसरी सरळ काढता येत नाही, तसंच. बाजाराची पीडी ईसीएलला लावली तर नफा विनाकारण खाली, रेटिंग एजन्सीच्या डिफॉल्ट टेबलवरची पीडी बाँडच्या भावाला लावली तर बाँड फुकटचा महाग.

तुमचा करन्सी स्वॅप हे याचंच पुढचं. स्वॅप कर्व्हवरून नुसता डिस्काउंट करून थांबू नका, समोरची कंपनी बुडू शकते त्याचे पैसे वजा करायचे, म्हणजे सीव्हीए (क्रेडिट व्हॅल्युएशनची दुरुस्ती). बँकांचे जागतिक नियम ठरवणाऱ्या बेसल कमिटीने नंतर सांगितलं की २००८ च्या संकटात काउंटरपार्टी क्रेडिटचं जे नुकसान झालं त्यातलं साधारण दोन तृतीयांश सीव्हीएच्या मार्क-टू-मार्केटमधलं (बाजारभावाने केलेल्या हिशोबातलं) होतं, प्रत्यक्ष डिफॉल्टमधलं फक्त एक तृतीयांश. अंदाजाला छोटा हिशोब: ₹१०० कोटींचा पाच वर्षांचा स्वॅप, सरासरी एक्स्पोजर (समोरचा बुडाला तर अडकेल ती रक्कम) ₹३ कोटी, स्प्रेड २%, पाच वर्षांची अ‍ॅन्युइटी (दरवर्षी एक रुपया मिळण्याची आजची किंमत) सुमारे ४, गुणाकार केला की ₹२४ लाख. खरं उत्तर मॉन्टे कार्लोने काढा पण ते २४ लाखांच्या ऐवजी अडीच कोटी आलं तर आधी कोड बघा. आणि यात एक गोष्ट गुणाकारात दिसत नाही, राँग-वे रिस्क, म्हणजे येणं वाढतं नेमकं तेव्हाच समोरचा बुडायला लागतो. कंपनीने स्वस्त व्याजाच्या मोहाने रुपयातलं कर्ज स्वॅप करून डॉलरमध्ये नेलं असेल आणि कमाई सगळी रुपयात असेल, तर रुपया पडला की बँकेचं येणं वाढतं आणि त्याच वेळी कंपनी खिळखिळी होते. एक्स्पोजर आणि डिफॉल्ट एकमेकांपासून स्वतंत्र धरून केलेला सीव्हीए इथे नेहमी कमीच पडणार. २००७-०८ च्या सुमारास आपल्या निर्यातदारांना विकलेल्या स्विस फ्रँक वगैरेच्या करारांमध्ये तोटा झाला तसे कित्येकजण ‘आम्हाला समजलंच नव्हतं’ म्हणून कोर्टात गेले, आणि २०११ मध्ये आरबीआयने डेरिव्हेटिव्हचे नियम मोडल्याबद्दल १९ बँकांना दंड केला. समोरचा पैसे द्यायला तयारच नाही ही जोखीम कुठल्या सिग्मात घालणार?

राहिली ओसीडी. इथे लोक दोन टोकाच्या चुका करतात. सगळे कॅश फ्लो रिस्क-फ्री दराने डिस्काउंट केले की कर्जाचा भाग महाग होतो, सगळे कंपनीच्या बॉरोइंग कॉस्टने केले की इक्विटीचा भाग स्वस्त होतो. ट्री बांधा आणि प्रत्येक नोडवर व्हॅल्यूचे दोन तुकडे ठेवा, रोख मिळणार असलेला भाग स्प्रेडसकट डिस्काउंट होईल, शेअर मिळणार असलेला रिस्क-फ्रीने. सिव्हेरिओटिस-फर्नांडिस, १९९८, एक्सेलमध्ये दुपारभरात होतं. व्होलॅटिलिटी लिस्टेड तुल्य कंपन्यांची घ्या, पण त्यांचं लिव्हरेज काढून तुमच्या कंपनीचं लावा, नुसती सरासरी चिकटवू नका. वर केलेल्या उदाहरणातच २०% मालमत्तेच्या व्होलॅटिलिटीची शेअरला पोचेपर्यंत ५७% झाली होती, त्यावरून लिव्हरेज काय करतं ते कळेल.

आणि स्प्रेड कुठून आणायचा, तर पहिल्या दिवशीच्या व्यवहारातून. गुंतवणूकदाराने खुल्या वाटाघाटीत ₹१०० दिले असतील तर बाकी सगळी इनपुट ठेवून मॉडेलमधून ₹१०० निघेपर्यंत स्प्रेड हलवा. इंड एएस ११३ मध्येही तेच सांगितलंय, सुरुवातीचा व्यवहार फेअर व्हॅल्यूला झाला असेल आणि न दिसणारी इनपुट वापरायची असतील तर मॉडेल त्या भावाला कॅलिब्रेट करा. पुढच्या तिमाहीला त्या स्प्रेडमध्ये फिमडाच्या त्याच रेटिंगच्या स्प्रेडमधला बदल आणि कंपनीच्या आकड्यांत काही बिघडलं असेल तर त्याचे वेगळे पॉइंट मिळवा, आणि दोन्ही वेगवेगळ्या ओळीत दाखवा. ऑडिटर मॉडेलच्या नावावर फारसं अडत नाही, तो विचारतो की गेल्या तिमाहीला ४२० होता तो स्प्रेड आता ५१० कसा झाला, आणि तेव्हा त्या दोन ओळी समोर ठेवायच्या.